अनुपस्थितीची रचना आणि आस्वादकाची स्मृती : 'विश यू वेअर हिअर' या अल्बमचा विचार

१

कलाकृतीच्या आस्वादात आस्वादकाच्या खासगी आठवणींना काही स्थान आहे काय, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राला नवा नाही. एखादी कविता वाचताना वाचकाला स्वतःचे बालपण आठवले, एखादी चीज ऐकताना श्रोत्याच्या डोळ्यांपुढे दिवंगत आप्ताची मूर्ती उभी राहिली, तर तो अनुभव त्या कवितेचा किंवा त्या चिजेचा म्हणावयाचा, की केवळ तिच्या निमित्ताने घडलेला म्हणावयाचा? विमसॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४९ साली 'द अफेक्टिव्ह फॅलसी' या निबंधात या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते नव्या समीक्षेच्या एकूण भूमिकेशी सुसंगतच होते. कलाकृती काय आहे आणि कलाकृतीमुळे काय घडते, या दोन बाबींची गल्लत झाली की समीक्षा वाचकाच्या मानसिक इतिहासात विरून जाते, असे त्यांचे म्हणणे होते. मराठीत मर्ढेकरांनी लौकिक भावना आणि सौंदर्यभावना यांत केलेला भेदही परिणामतः याच दिशेने जातो. पुढे रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलाविचाराचे अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव कल्पून, आपल्या कलाव्यवहाराला या दोहोंपैकी कोणताही एक सोडून देणे परवडणारे नाही, हे दाखवून दिले. परंतु दोन्ही ध्रुव मान्य केल्यानंतरही एखाद्या विशिष्ट कलाकृतीच्या बाबतीत खासगी आठवणीचे मोल कसे ठरवावयाचे, हा प्रश्न उरतोच.

लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रात तो अधिकच तीव्र होतो. रॉकसंगीताविषयी बोलणारा श्रोता बहुधा आत्मचरित्राच्या भाषेत बोलतो: हा अल्बम कोणत्या वर्षी हाती आला, कोणाच्या खोलीत ऐकला, तेव्हा सोबत कोण होते. अभ्यासकाला हा सारा मजकूर टाकाऊ वाटतो. त्यामुळे एका बाजूला आठवणींत रमणारे कौतुक आणि दुसऱ्या बाजूला सामाजिक किंवा तांत्रिक विश्लेषण, अशी विभागणी होऊन प्रत्यक्ष रचना दोहोंच्या मधून निसटते. इंग्लंडमधील 'पिंक फ्लॉइड' या वाद्यवृंदाचा १९७५ सालचा 'विश यू वेअर हिअर' हा अल्बम या दृष्टीने विशेष विचारार्ह ठरतो. तो स्वतःच स्मृतीविषयी आणि अनुपस्थित मित्राविषयी आहे. आणि गेली पन्नास वर्षे श्रोते त्यात आपापले अनुपस्थित मित्र पाहत आले आहेत. हे दुसरे पहिल्यामुळे घडते काय, आणि घडत असल्यास रचनेच्या कोणत्या विशेषांमुळे, हे तपासणे येथे अभिप्रेत आहे.

२

अल्बमची पार्श्वभूमी थोडक्यात सांगावयास हवी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात ज्याला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' हे नाव मिळाले, त्या प्रवाहाने तीन-चार मिनिटांच्या गीताची चौकट मोडली. 'किंग क्रिम्झन' या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम १९६९ सालचा. 'येस'च्या 'क्लोज टू दि एज' (१९७२) या अल्बममध्ये आणि त्याआधी पिंक फ्लॉइडच्या 'एकोज' (१९७१) या रचनेत तबकडीची एक संपूर्ण बाजू एकाच रचनेला दिलेली आहे. तबकडीच्या एका बाजूवर मावणारी वीस-बावीस मिनिटे हे या संगीताचे खरे परिमाण होते. कादंबरीला जसे प्रकरण, तशी याला तबकडीची बाजू. वाद्यावरील कसरतीचे प्रभुत्व हा या प्रवाहाचा एक स्थायी विशेष मानला जातो. पिंक फ्लॉइडचे वेगळेपण असे की, त्यांनी द्रुत लयीतील कौशल्यापेक्षा विलंबित गती, ध्वनींचे पोत आणि मोकळ्या जागा यांवर भिस्त ठेवली.

या वाद्यवृंदाचा आरंभीचा कवी, गायक आणि प्रेरक म्हणजे सिड बॅरेट (१९४६–२००६). 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' (१९६७) हा पहिला अल्बम मुख्यतः त्याचा. त्या अल्बमचे नावही केनेथ ग्रॅहॅमच्या 'द विंड इन द विलोज' या बालकादंबरीतील एका प्रकरणाच्या शीर्षकावरून घेतलेले आहे. एलएसडीचे सेवन आणि ढासळते मनःस्वास्थ्य यांमुळे त्याला कार्यक्रम करणे अशक्य होत गेले आणि एप्रिल १९६८ मध्ये तो वाद्यवृंदातून बाहेर पडल्याचे जाहीर झाले. त्याच्या जागी त्याचाच केंब्रिजमधील मित्र डेव्हिड गिलमर आलेला होता. रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट, निक मेसन आणि गिलमर या चौघांनी पुढे जे यश मिळविले, त्याचे शिखर म्हणजे मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'द डार्क साइड ऑफ द मून'. अमेरिकेतील 'बिलबोर्ड'च्या यादीत तो १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होता.

यशानंतरच्या रितेपणातून प्रस्तुत अल्बम जन्माला आला. जानेवारी १९७५ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत काम सुरू झाले तेव्हा 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' ही दीर्घ रचना त्यांच्याजवळ तयार होती. १९७४ च्या कार्यक्रमांत ती वाजविलीही गेली होती. तिच्याबरोबर वाजविली जाणारी आणखी दोन गीते बाजूला ठेवून, ही रचना मधोमध दुभंगावी आणि तिच्या दोन अर्ध्यांमध्ये नवी गीते घालावीत, असा प्रस्ताव वॉटर्सने मांडला. तो स्वीकारला गेला आणि १२ सप्टेंबर १९७५ रोजी पाच विभागांचा, सुमारे ४४ मिनिटांचा हा अल्बम इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे २६ मिनिटांची सलग रचना तबकडीच्या एका बाजूवर नीट मावणार नाही, ही व्यावहारिक अडचण या निर्णयामागे काही अंशी असेलही. पण अडचणीचे घाटात रूपांतर होणे ही कलाव्यवहारातील नित्याची घटना आहे, आणि येथे त्या दुभंगण्यातच अल्बमचा आशय साकार झाला आहे.

३

'शाइन ऑन'चे नऊ भाग आहेत. पहिले पाच अल्बमच्या आरंभी आणि उरलेले चार अखेरीस येतात. आरंभी दीर्घकाळ एकच स्वरपुंज टिकून राहतो. त्याच्या पोतात काचेच्या पेल्यांच्या कडांवरून बोट फिरवून काढलेले नाद मिसळलेले आहेत. घरगुती वस्तूंच्या आवाजांतून एक संपूर्ण अल्बम करण्याचा जो बेत या मंडळींनी आधी आखून सोडून दिला, त्यातून हे नाद उचललेले होते. अर्धवट राहिलेल्या कामाचे अवशेष अशा रीतीने या रचनेच्या पायातच घातले गेले आहेत.

त्यानंतर गिटारवर चार स्वर येतात. सारी रचना या चार स्वरांवर उभी आहे. गिलमरला ते सहज छेडताना सापडले आणि वॉटर्सला त्यांतील विषण्णतेने बॅरेटची आठवण करून दिली, अशी त्यांची जन्मकथा आहे. जी हा आधारस्वर धरला तर आपल्या सरगमच्या भाषेत त्यांना कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज आणि शुद्ध धैवत असे म्हणता येईल. ही तुलना अर्थातच स्वरनामांपुरती आहे. तिच्यातून रागदारीचा निष्कर्ष काढावयाचा नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे वाक्य तिसऱ्या स्वराला षड्जावर येते, पण तेथे थांबत नाही; ते धैवतावर जाऊन थांबते. पाश्चात्त्य कानाला मायनर सुरावटीत अपेक्षित असणारा धैवत कोमल असतो, येथे तो शुद्ध आहे. त्यामुळे घरी पोहोचूनही घरात पाऊल न ठेवता पुढे निघून गेल्यासारखा परिणाम साधतो. पहिल्यांदा हे स्वर येतात तेव्हा त्यांच्याभोवती इतर वाद्ये जवळजवळ नसतातच. ते ऐकू येतात, विरतात, पुन्हा येतात. प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहावी तसा हा क्रम आहे, आणि उत्तर म्हणून काही काळ पुन्हा तोच प्रश्न येतो.

मानवी आवाज सुमारे साडेआठ मिनिटांनंतर येतो. गीतप्रकाराच्या संकेतांत वाढलेल्या श्रोत्याला हा विलंब असह्य वाटावा इतका मोठा आहे. पण आळवणीत ज्याला संबोधावयाचे आहे त्याची जागा आधी तयार व्हावी लागते, आणि हा दीर्घ वाद्यप्रवास म्हणजे ती जागा रिकामी करण्याचे कार्य होय. शब्द आल्यावर ते थेट संबोधनातच येतात. कोण होता, काय झाले, केव्हा गेला असे निवेदन नाही. तू तरुण होतास आणि आता तुझ्या डोळ्यांत काय दिसते, एवढ्याच अक्षावर ते फिरतात. पाचव्या भागाच्या अखेरीस डिक पॅरीचा सॅक्सोफोन येतो, लय पालटते, आणि कोणताही निर्णायक शेवट न होता सारे एका यंत्राच्या घरघरीत बुडून जाते.

मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथवर संवादलयीचे राज्य आहे आणि यापुढील दोन गीते विरोधलय निर्माण करतात. 'वेलकम टू द मशीन' आणि 'हॅव अ सिगार' ही संगीतव्यवसायावरील गीते होत. त्यांच्यानंतर शीर्षकगीत, आणि मग वाऱ्याच्या आवाजातून 'शाइन ऑन'चे उरलेले भाग. श्रोता पुन्हा मूळ रचनेत येतो, पण तोवर मधल्या विरोधाचा परिणाम तिच्यावर झालेला असतो: सहावा भाग आधीच्या कोणत्याही भागापेक्षा अधिक आक्रमक आहे आणि शब्द पुन्हा येतात ते अल्पकाळ. तोल साधला जातो तो एकट्या राइटच्या नवव्या भागात. हा शोकयात्रेच्या संथ गतीने चालणारा भाग आहे. तो विरत असताना त्यात 'सी एमिली प्ले' या बॅरेटच्या १९६७ च्या गीताची सुरावट क्षणभर चमकून जाते आणि अखेरचा स्वरसंघात मायनरऐवजी मेजरमध्ये उमलतो.

हा क्षण प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने कळीचा आहे. ज्या श्रोत्याला ते जुने गीत ठाऊक नाही, त्याला येथे केवळ एक सुरावट ऐकू येते. ज्याला ठाऊक आहे, त्याला ज्याच्याविषयी ४४ मिनिटे बोलणे चालले तो क्षणमात्र हजर झाल्यासारखा वाटतो. म्हणजे रचनेचा अखेरचा अर्थ श्रोत्याच्या स्मृतीवाचून पूर्ण होत नाही, अशी व्यवस्था रचनेनेच केलेली आहे. येथे स्मृती ही परिणाम म्हणून येत नाही. ती घटक म्हणून येते. विमसॅट आणि बिअर्ड्स्ली यांचा आक्षेप अशा ठिकाणी लागू पडत नाही.

४

मधल्या दोन गीतांचे मूल्यमापन अधिक कठोरपणे करावयास हवे. अडॉर्नोच्या वाटेने जाणारा टीकाकार सहज विचारील की, लाखो प्रती खपविणाऱ्या उद्योगाच्या आतूनच त्या उद्योगावर केलेली टीका म्हणजे त्या उद्योगाने विकावयास काढलेला आणखी एक माल नव्हे काय? या आक्षेपाला 'हॅव अ सिगार' पुरेसे उत्तर देऊ शकत नाही. त्यातील व्यापारी पात्र 'पिंक' हे कोणा एका माणसाचे नाव समजते. विनोद चांगला आहे. परंतु ते पात्र ठोकळेबाज आहे आणि उपहासाचा वार सोप्या लक्ष्यावर होतो. हे गीत वॉटर्स आणि गिलमर या दोघांच्याही आवाजांत समाधानकारक उतरले नाही आणि अखेरीस ते रॉय हार्पर या पाहुण्या गायकाकडे गेले, ही माहिती मात्र अर्थपूर्ण ठरते. अल्बमच्या मध्यभागी आवाजही परका व्हावा, हे या संदर्भात शोभून दिसते. 'वेलकम टू द मशीन'चे सामर्थ्य शब्दांपेक्षा ध्वनीत आहे: यंत्राचा ठोका हाच ताल होतो आणि शेवटी एका मेजवानीचा गलबला ऐकू येतो, ज्यात कोणीही कोणाशी बोलत नाही. अल्बम जेथे समजावून सांगू लागतो तेथे तो दुबळा होतो आणि जेथे ऐकवितो तेथे समर्थ होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही या दोन गीतांचे रचनेतील कार्य संबोधनाच्या अंगाने पाहिले म्हणजे वेगळेच दिसू लागते. संपूर्ण अल्बम द्वितीय पुरुषात आहे. इंग्रजीतील द्वितीय पुरुषी सर्वनाम एकच असल्याने त्या भाषेच्या श्रोत्याला जे सहज जाणवत नाही, ते मराठीत विचार करणाऱ्याला चटकन जाणवते; कारण त्याला प्रत्येक ठिकाणी 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून निवड करावी लागते. 'शाइन ऑन'मधील 'तू' हा सवंगड्याचा आहे. 'वेलकम टू द मशीन'मधील 'तू' पित्याच्या थाटात मुलाला उद्देशून येतो. या पित्याला मुलाविषयी सारे आधीच ठाऊक असते आणि म्हणूनच ऐकून घेण्यासारखे काही उरलेले नसते. 'हॅव अ सिगार'मधील 'तू' ही खांद्यावर हात टाकणारी खोटी सलगी आहे. या दोन बनावट संबोधनांतून गेल्यानंतर शीर्षकगीतातील 'तू' ऐकू येतो, तेव्हा तो पारखून घेतलेला असतो. शिवाय तो कोणाचा हे ठरविता येत नाही: गेलेल्या मित्राचा, ऐकणाऱ्याचा, की बोलणारा स्वतःलाच 'तू' म्हणत आहे? उद्योगावरील टीका म्हणून ही गीते साधारण असली तरी संबोधनाच्या भ्रष्टतेचा अनुभव देणारी पायरी म्हणून ती आवश्यक आहेत.

शीर्षकगीताचा आरंभ ध्वनिमुद्रणाच्या कलेतील एक विलक्षण कल्पना आहे. 'हॅव अ सिगार' एकाएकी क्षीण होऊन रेडिओच्या छोट्या पेटीत शिरल्यासारखे होते. कोणी तरी केंद्र बदलत आहे. बोलणे, खरखर, चायकॉव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा. मग त्याच रेडिओवर दूरवर एक गिटार वाजू लागते आणि थोड्या वेळाने दुसरे गिटार तिला साथ देते. हे दुसरे गिटार रेडिओत नाही. ते खोलीत आहे. रेडिओवरच्या वादकाला खोलीतल्या वादकाची खबर नाही, तरी दोघांची लय जुळते. पुढे शब्दांत जी आर्तता व्यक्त होते, ती या दोन गिटारांच्या अंतरात आधीच पूर्णत्वाने आलेली आहे. आपल्या खोलीत बसून ध्वनिमुद्रित संगीत ऐकणाऱ्या प्रत्येक श्रोत्याची स्थिती खोलीतल्या वादकासारखीच असते, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रसंगाची व्याप्ती कळते. यांत्रिक पुनर्निर्मितीत कलाकृतीचे स्थल-कालनिबद्ध अस्तित्व लोपते, असे वॉल्टर बेंजामिनने म्हटले होते. हा अल्बम त्या लोपाची जाणीव नाहीशी करीत नाही. तो तिलाच आपली सामग्री करतो.

मुखपृष्ठाचाही विचार याच सूत्रात होतो. 'हिपनोसिस' या संस्थेच्या स्टॉर्म थॉरगर्सनने योजलेल्या चित्रात दोन व्यावसायिक हस्तांदोलन करीत आहेत आणि त्यांपैकी एक पेटलेला आहे. हे चित्र विक्रीच्या वेळी काळ्या वेष्टनात झाकलेले होते. म्हणजे मुखपृष्ठही अनुपस्थित. आत पाण्यात शिरूनही तरंग न उठविणारा पोहणारा, चेहरा नसलेला विक्रेता आणि एक पोस्टकार्ड. अल्बमचे शीर्षक हे पोस्टकार्डावर सवयीने लिहिले जाणारे वाक्य आहे; इतके झिजलेले की, ते लिहिणाऱ्याच्या मनात तसे काही असतेच असे नाही. झिजलेल्या वाक्याला पुन्हा अर्थ प्राप्त करून देणे हे कवितेचे जुने काम येथे एका गीताने केले आहे. ॲबी रोडमध्येच असलेल्या स्तेफान ग्रापेली या थोर व्हायोलिनवादकाने या गीतासाठी वाजविलेला तुकडा मूळ तबकडीत जवळजवळ ऐकूच येत नाही आणि त्याचा उल्लेखही तिच्यावर नव्हता. तो स्पष्टपणे ऐकण्यासाठी श्रोत्यांना २०११ च्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले.

५

या अल्बमभोवती जी एक घटना दंतकथेसारखी वाढली आहे, तिचा निर्देश टाळता येत नाही. जून १९७५ मध्ये, बहुतेक कथनांनुसार ५ तारखेस, 'शाइन ऑन'वर काम चालू असताना ॲबी रोडमध्ये एक स्थूल, डोक्यावरचे केस आणि भुवया काढून टाकलेला मनुष्य आला. उपस्थितांना तो काही काळ ओळखू आला नाही. तो सिड बॅरेट होता. त्या दिवसाविषयी उपस्थितांच्या आठवणी तपशिलात एकमेकींशी जुळत नाहीत, आणि निव्वळ आठवणींवर आधारलेल्या पुराव्याची जी मर्यादा असते ती येथेही आहेच. पण मुख्य गोष्टीविषयी मतभेद नाही: ज्याच्या नसण्यावर गीत रचले जात होते तो प्रत्यक्ष समोर असताना त्याला त्याच्या मित्रांनी ओळखले नाही.

संस्कृत साहित्याच्या अभ्यासकाला येथे 'शाकुंतला'चा पाचवा अंक आठवल्यावाचून राहणार नाही. त्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गीत ऐकून दुष्यंत अस्वस्थ होतो. कोणा प्रियजनाचा विरह नसताना ही हुरहूर का, असा प्रश्न त्याला पडतो. त्यानंतर थोड्याच वेळात शकुंतला स्वतः समोर उभी राहते आणि तो तिला ओळखत नाही. गीताने जे जागे केले ते प्रत्यक्ष दर्शनाने ओळखता आले नाही, असा हा क्रम आहे. तेथे कारण शाप आहे, येथे आजार आणि काळ. पण कला आणि ओळख यांतील विसंवाद तोच. मित्रांच्या मनातील तेजस्वी तरुणाची प्रतिमा इतकी दृढ होती की, तीच प्रत्यक्ष माणसाच्या आड आली. स्मृती जोडते तशी ती झाकतेही.

यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. मिल्टनच्या 'लिसिडस'पासून टेनिसनच्या 'इन मेमोरियम'पर्यंत इंग्रजी विलापिकेचा विषय मृत मित्र असतो. तो काही म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कवीला असतो. 'शाइन ऑन' ही जिवंत माणसाची विलापिका आहे. बॅरेट यानंतर ३१ वर्षे जगला. त्यातला बराचसा काळ तो केंब्रिजमध्ये, आपले रॉजर हे मूळ नाव लावून, चित्रे काढीत आणि बाग राखीत जगला. आणि त्याच्या दाराशी येणाऱ्या चाहत्यांना जो 'सिड' हवा होता तो मुख्यतः या गीताने घडविलेला होता. एका आजारी माणसाचे रत्नात रूपांतर करणे हा गौरव आहे, तसाच तो अन्यायही आहे. अल्बमच्या थोरवीविषयी बोलताना हा भाग वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मात्र अल्बमच्या पक्षी एवढे म्हणता येईल की, तो बॅरेटविषयी काही सांगत नाही. त्याच्या आजाराचा वृत्तान्त देत नाही, निदान करीत नाही. तो केवळ संबोधतो. दंतकथा पुढे चरित्रकारांनी आणि चाहत्यांनी रचली.

भरताने करुण आणि विप्रलंभ यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. करुणात पुनर्भेटीची अपेक्षा संपलेली असते, म्हणून तो निरपेक्षभाव. विप्रलंभात ती टिकून असते, म्हणून तो सापेक्षभाव. विप्रलंभ हा शृंगाराचा प्रकार असल्याने मैत्रीला तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही, हे खरे. पण भेदाचे तत्त्व व्यापक आहे. प्रस्तुत अल्बम या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. माणूस जिवंत आहे, तेव्हा निरपेक्ष होता येत नाही. माणूस तोच राहिलेला नाही, तेव्हा अपेक्षाही धरता येत नाही. शीर्षक एक इच्छा व्यक्त करते, आणि ही इच्छा पूर्ण होण्याजोगी नाही याचे भान स्वरांत आहे. षड्जावर येऊन धैवतावर थांबणारे ते चार स्वर या द्विधेचेच ध्वनिरूप होत.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. हंसपदिकेच्या गीतानंतरची दुष्यंताची अवस्था वर्णन करणारा कालिदासाचा श्लोक अभिनवगुप्ताने रसविवेचनात घेतला आहे. त्यावर त्याचे म्हणणे असे की, येथील स्मृती ही नैयायिकांना परिचित असलेली, पूर्वी अनुभवलेल्या ठरावीक वस्तूची स्मृती नव्हे. तिचे स्वरूप प्रतिभानाचे, साक्षात्काराचे आहे. या भेदाच्या आधारे आस्वादकाच्या आठवणींचे दोन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग निव्वळ साहचर्याचा: अमुक पावसाळ्यात ऐकले, म्हणून ऐकले की तो पावसाळा आठवतो. येथे त्या गीताऐवजी दुसरे कोणतेही गीत असते तरी चालले असते. दुसऱ्या वर्गात कलाकृतीची रचनाच एक रिक्त स्थान निर्माण करते आणि ते भरण्यासाठी आस्वादकाला स्वतःच्या आयुष्यातून काही तरी आणावे लागते. आणलेली वस्तू खासगी असते. आणण्याची क्रिया मात्र रचनेने घडविलेली आणि म्हणून सर्वांना समान असते. साधारणीकरणाचा अर्थ विशेष पुसून टाकणे एवढाच न घेता, प्रत्येकाचा विशेष एकाच आकारात बसणे असाही घेता आला तर 'विश यू वेअर हिअर'चा अनुभव हे त्याचे उत्तम उदाहरण ठरेल.

याची परीक्षा दूरच्या श्रोत्यांवर घेता येते. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयीन तरुणांच्या एका पिढीपर्यंत हा अल्बम बहुधा कोणी तरी भरून दिलेल्या कॅसेटच्या रूपाने पोहोचला. त्या कॅसेटबरोबर मुखपृष्ठ नव्हते, पोस्टकार्ड नव्हते. बॅरेट हे नावही अनेकांना ठाऊक नव्हते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर ४४ मिनिटांचा हा अल्बम नेमका मावतो. त्यामुळे तबकडी उलटण्याचा मधला खंडही तेथे नाहीसा झाला आणि मूळ योजनेत जी रचना दोन बाजूंत विभागलेली होती, ती या श्रोत्यांना अखंड मिळाली. चरित्रात्मक संदर्भ गळून पडले, माध्यम बदलले, घाटातही फरक पडला. तरी या श्रोत्यांच्या बोलण्यात हा अल्बम निघाला की दुरावलेल्या मित्राचा विषय निघतो. संदर्भ नसताना जे शिल्लक राहते ते रचनेचे, असे मानावयाचे तर संबोधनाचे रिक्त स्थान हे येथे शिल्लक राहिलेले आहे. ती कॅसेट ज्याने भरून दिली त्याचे हस्ताक्षर तिच्या कागदावर असे, ही गोष्टही या संदर्भात किरकोळ नाही. मुखपृष्ठाच्या जागी मित्राचे अक्षर आले होते.

यावर एक आक्षेप राहतो. स्मृती हाही आता विक्रीचा माल झाला आहे. वर्धापनदिनांच्या आवृत्त्या निघतात, जुनी तबकडी पुन्हा नव्या वेष्टनात येते, आणि श्रोत्याला त्याचेच तारुण्य परत विकले जाते. २०२५ मध्ये या अल्बमला पन्नास वर्षे झाली तेव्हाही याहून वेगळे झाले नाही. आक्षेप खरा आहे. परंतु तो पहिल्या वर्गाच्या आठवणींना अधिक लागू पडतो. साहचर्याची आठवण सुखद असते आणि पुन्हा पुन्हा तशीच मिळते, म्हणून ती विकता येते. रिक्त स्थान मात्र वयाबरोबर बदलत्या वस्तू मागते. २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघे २४ वर्षांनंतर एकत्र आले आणि वॉटर्सने हे शीर्षकगीत अनुपस्थितांना, विशेषतः सिडला, अर्पण केले. पुढच्याच वर्षी बॅरेट गेला, २००८ मध्ये राइट गेला. नववा भाग रचणारा आणि त्यात मित्राचे जुने गीत हळूच ठेवणारा राइटच आता त्या भागाच्या श्रवणात अनुपस्थित म्हणून जमा होतो. ध्वनिमुद्रणातील एकही स्वर बदललेला नाही, तरी त्याचा अर्थ वाढला आहे.

खासगी आठवणींना समीक्षेच्या दाराबाहेर सरसकट उभे करणे, अथवा त्यांनाच समीक्षा मानणे, या दोन्ही टोकांवर कलाकृतीचा विचार करण्याचे श्रम वाचतात. आठवण कोठून आली हे सांगणे श्रोत्याचे काम आहे. ती तेथे का येऊ शकली हे दाखविणे समीक्षकाचे. 'विश यू वेअर हिअर'च्या बाबतीत हे उत्तर चार स्वरांच्या थांबण्यात, साडेआठ मिनिटांच्या वाट पाहण्यात, रेडिओतल्या आणि खोलीतल्या गिटारांमधील अंतरात आणि दोन खोट्या संबोधनांनंतर आलेल्या एका खऱ्या 'तू'मध्ये सापडते. श्रोत्यागणिक त्या 'तू'चे नाव बदलते. त्याची जागा रचनेने ठरवून दिलेली आहे.